लग्नाच्या फोटोचा सातबारा कुणाच्या नावावर?

तुळशीचं लग्न लागलं की खान्देशात मांडवांचे दिवस सुरू होतात आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून गेली तरी ते संपत नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शिरपूर इथल्या स्टुडिओवाल्यांची वर्षाची निम्मीअधिक कमाई याच दिवसांतली. एक भांडणही हमखास याच दिवसांतलं. स्टुडिओवाला एखाद्या नवरीचा देखणा फोटो दुकानाच्या फ्लेक्सवर लावतो. बसस्टँडवर उतरलेला कुणी पाहुणा तो बघतो, घरी फोन करतो आणि संध्याकाळी नवरीचे वडील दुकानात हजर होतात. स्टुडिओवाला म्हणतो, ‘फोटो मी काढा, मंग तो मनाच शे ना!’ वडील म्हणतात, ‘पैसे आम्ही मोजले, फोटो आमचा.’

दोघांनाही आपण बरोबर आहोत याची खात्री असते. मोबाइलवर उत्तर शोधायला गेलं तर गोंधळ वाढतो, कारण फोटोग्राफीवरचे पुष्कळसे व्हिडिओ सांगतात की शटर दाबणाराच फोटोचा मालक. अमेरिकेत ते बहुतांशी खरं आहे. भारतात, पैसे घेऊन ऑर्डरीवर काढलेल्या फोटोच्या बाबतीत ते खरं नाही. आपल्याकडच्या किती फोटोग्राफरांना हे ठाऊक आहे, याची मला खरोखर काळजी वाटते. सगळा धंदा ज्या पायावर उभा आहे तो पायाच आपल्या नावावर नाही, हे भांडण झाल्यावर कळून उपयोग नसतो.

कॉपीराइट म्हणजे नेमकं काय

अल्बम हातात असणं वेगळं आणि त्यातल्या फोटोंवर हक्क असणं वेगळं. फोटोची प्रत काढणं, तो छापणं, लोकांसमोर मांडणं, जाहिरातीत वापरणं, दुसऱ्याला वापरायला देणं, या सगळ्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा कायद्याने दिलेला अधिकार म्हणजे कॉपीराइट. भारतात तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मिळतो. शटर दाबलं त्या क्षणी तो जन्माला येतो. नोंदणीची सक्ती नाही. फोटो कलात्मकच हवा अशी अट नाही, आणि तो महागड्या कॅमेऱ्यातून आला की मोबाइलमधून, याच्याशीही कायद्याला घेणंदेणं नाही.

ज्या वस्तूचा फोटो आहे त्या वस्तूच्या मालकाकडे हा हक्क जात नाही. रावेरच्या बागेत तुम्ही स्वतःच्या हौसेने केळीच्या घडाचा फोटो काढला, तर बाग आणि घड शेतकऱ्याचा असला तरी फोटोचा कॉपीराइट तुमचा. तोच फोटो एखाद्या खत कंपनीने न विचारता पत्रकावर छापला, तर जाब विचारण्याचा हक्कही तुमचाच.

हा हक्क किती काळ टिकतो? २०१२ पर्यंत फोटोंसाठी वेगळा नियम होता : प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो निघाला आणि लेखक, चित्रकारांप्रमाणे फोटोग्राफरलाही हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असं संरक्षण मिळालं. तुम्ही आज टिपलेला फोटो तुमच्या नातवंडांच्या काळातही कुणाच्या तरी मालकीचा असणार आहे. म्हणून तो आज कुणाच्या नावावर पडतो याला किंमत आहे.

काढणारा एक, मालक दुसरा

कायदा इथे दोन माणसं वेगळी करतो. एक कर्ता, म्हणजे ज्याने फोटो काढला तो. दुसरा पहिला मालक, म्हणजे ज्याच्या नावावर कॉपीराइट सुरुवातीला लागतो तो. सर्वसाधारण नियम असा की कर्ता हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये या नियमाला अपवाद आहेत, आणि स्टुडिओचा जवळजवळ सगळा धंदा त्यातल्या एका अपवादात बसतो : दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर सांगणारा हाच पहिला मालक.

सारंगखेड्याची यात्रा डोळ्यांपुढे आणा. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि लांबलांबचे फोटोग्राफर येतात. तुम्ही आपणहून एका पांढऱ्या घोड्याचा फोटो काढलात : कॉपीराइट तुमचा. पाच मिनिटांनी त्याच घोड्याचा व्यापारी म्हणाला, ‘दादा, याचे चार चांगले फोटो काढून द्या, पैसे देतो,’ आणि तुम्ही काढून दिलेत : ते चार फोटो व्यापाऱ्याचे. घोडा, ऊन आणि कॅमेरा तेच आहेत. बदललं ते इतकंच की मधे ऑर्डर आणि पैसा आला.

लग्नालाही हेच लागू. ऑर्डर ज्याने दिली तो मालक. म्हणजे मुलीच्या वडिलांनी बुकिंग केलं असेल तर कायद्याच्या नजरेत पहिले मालक वडील. फोटोत जिचा चेहरा आहे ती नवरीसुद्धा नव्हे. उलट मावसभावाच्या लग्नात तुम्ही हौसेने, एक पैसा न घेता फोटो काढले असतील, तर ते तुमचे. व्हिडिओ शूटिंगच्या ऑर्डरीलाही हाच अपवाद लागतो.

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२ ते १९८९) यांचं काम या संदर्भात आठवतं. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी प्रसिद्ध आहे : टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड जुळवून, बघणाऱ्याला समोर अख्खा निसर्ग आहे असं वाटायला लावणारी. ती कुणा गिऱ्हाइकाची ऑर्डर नव्हती. कल्पना, मांडणी आणि शटर, तिन्ही त्यांचंच. अशा कामात कर्ता आणि मालक एकच असतो. तुमच्या हार्डडिस्कमधले ऑर्डरीचे फोटो आणि स्वतःसाठी काढलेले फोटो वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, असं मी म्हणतो ते यासाठी. दोघांचे मालक वेगळे असू शकतात.

‘घाम आमचा आणि उतारा दुसऱ्याच्या नावावर?’

हा आक्षेप रास्त आहे. पहाटे हळदीपासून रात्री बिदाईपर्यंत उभं राहायचं, लाखांचे कॅमेरे आणि लेन्स हप्त्यावर घ्यायच्या, आणि मालक मात्र दुसरा. पण हा अपवाद आला कुठून तेही बघावं. ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यात तो होता आणि तिथून आपल्याकडे आला. त्या काळचा फोटो म्हणजे मुख्यतः स्टुडिओत बसून काढलेलं घरचं माणूस. आपल्या बायकोचा, लेकीचा फोटो दुकानदाराने परस्पर विकू नये, ही गिऱ्हाइकाची भीती खरी होती. ती आजही खरी आहे.

ब्रिटनने स्वतः मात्र हा नियम सोडून दिला. तिथे १ ऑगस्ट १९८९ पासून लागू झालेल्या कायद्यात कॉपीराइट फोटोग्राफरला मिळाला आणि घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला वेगळा हक्क मिळाला : त्याच्या मर्जीविरुद्ध ते फोटो लोकांत जाऊ नयेत. मालकी एकाकडे, खासगीपणाची राखण दुसऱ्याकडे. कॅनडानेही २०१२ मध्ये जुना नियम काढून टाकला. ब्रिटनची वाटणी मला अधिक न्याय्य वाटते, आणि आपल्याकडच्या फोटोग्राफर संघटनांनी ती मागायला हवी. पण कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. आजच्याच कायद्यात सुटकेची वाट आहे, आणि ती ‘वेगळं काही ठरलेलं नसेल तर’ या शब्दांत आहे.

बुकिंगच्या पावतीवर चार ओळी

‘वेगळं’ ठरवायला वकिलाचं दहा पानी करारपत्र लागत नाही. बुकिंगच्या वेळी जी पावती किंवा कोटेशन देता, त्यावर एवढं असलं तरी पुष्कळ झालं :

‘या कार्यक्रमाच्या फोटोंचा व व्हिडिओचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला व कुटुंबीयांना ते खासगी वापरासाठी छापण्याची, जपण्याची व समाजमाध्यमांवर टाकण्याची कायम मुभा राहील. छायाचित्रकार यातील फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल / दाखवणार नाही. जाहिरात, फ्लेक्स किंवा विक्रीसाठी ग्राहकाची लेखी परवानगी लागेल.’

खाली दोघांच्या सह्या. तिसऱ्या वाक्यातलं ‘शकेल’ की ‘नाही’ हे गिऱ्हाइकासमोर बसून ठरवा, नको ते खोडा. म्हणजे फोटोग्राफरने हक्क मागणं आणि घरच्यांनी अट घालणं, दोन्ही एकाच कागदावर येतं.

‘पण दादा, गावात सहीचं नाव काढलं की पाहुणे संशय घेतात.’ हे मी खूप जणांकडून ऐकलं आहे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि समोरून ‘मंजूर’ असं उत्तर घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक रीतीने झालेला करार केवळ त्या कारणाने बाद ठरवत नाही. तोंडी बोलणंही करार असू शकतं, पण दोन वर्षांनी कोण काय बोललं हे सिद्ध करणं फार अवघड जातं. आणि विसार घ्यायच्या आधी पाठवा. लग्न उरकल्यावर पाठवलेल्या अटींना अर्थ उरत नाही.

रॉ फाइलचं, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, संस्कार न केलेल्या मूळ फाइलचं काय, असा प्रश्न लगेच येतो. त्या द्यायच्या की नाही, कधी द्यायच्या, किती दिवस जपायच्या, हे कॉपीराइट कायदा सांगत नाही. ते तुमच्या ठरावावर आहे, म्हणून तीही ओळ पावतीत घाला. ‘सहा महिन्यांनंतर डेटा जपण्याची जबाबदारी नाही’ असं आधी सांगितलं तर पुढचं बरंच भांडण वाचतं.

ठोक्याने देणं आणि खरेदीखत करणं

हक्क तुमच्याकडे असलेला फोटो एखादी कंपनी मागते तेव्हा ‘फोटो विकला’ असं आपण सरसकट म्हणतो. पण शेत एका हंगामासाठी ठोक्याने देणं निराळं आणि खरेदीखत करून देणं निराळं. फोटोतही दोन्ही प्रकार आहेत. ठोक्याने देणं म्हणजे परवाना : अमुक कॅलेंडरवर, अमुक वर्षापुरता वापरा, मालक मीच. खरेदीखत म्हणजे हक्क समोरच्याच्या नावे करून देणं.

खरेदीखताला कायद्याने लेखी आणि सही केलेला कागद सक्तीचा आहे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता व्यवहार धरला जातो. म्हणजे कंपनीने नुसतं ‘सर्व हक्क आमचे’ असं लिहून सही घेतली असेल, तर पाच वर्षांनी तो फोटो पुन्हा तुमच्या हातात येण्याचा रस्ता असतो. जुनी कागदपत्रं काढून बघा. आणि यापुढे दर सांगताना आधी विचारा : कुठे, किती काळ, कशासाठी? तालुक्याच्या दुकानाच्या पत्रकाचा आणि राज्यभरच्या होर्डिंगचा दर एकच असायचं कारण नाही.

मालकी गेली तरी नाव जात नाही

ऑर्डरीचे फोटो गिऱ्हाइकाच्या नावावर लागले तरी कर्ता म्हणून तुमचे दोन हक्क शिल्लक राहतात. हा फोटो मी काढला असं सांगण्याचा, आणि तुमच्या कीर्तीला बाधा येईल अशी मोडतोड कुणी केली तर ती थांबवण्याचा. कलम ५७ मध्ये ते आहेत आणि कॉपीराइट विकल्यावरही ते तुमच्याकडेच राहतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्पाचा कॉपीराइट सरकारकडे होता. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं आणि पाच लाखांची भरपाईही दिली.

दुसऱ्याच्या ऑर्डरीवर जाणारे, आणि बातमीचे फोटो

सीझनमध्ये एका तारखेला तीन-तीन लग्नं असतात, मग स्टुडिओवाला बाहेरचा मुलगा दिवसाच्या पैशांवर लावतो. त्या मुलाने काढलेले फोटो त्याचे नसतात. तो पगारी नोकर असेल तर नोकरीच्या नियमाने ते स्टुडिओचे (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीचे असतील आणि वेगळं ठरलेलं नसेल तर मात्र गिऱ्हाइकाचे), आणि रोजाने आलेला असेल तर मोबदल्याच्या नियमाने ज्याने सांगितलं त्याचे. त्याने ते न विचारता स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकले की वाद होतो. पण पोरांनी आपलं काम दाखवायचं कुठे आणि पुढे जायचं कसं? मोठ्या स्टुडिओंनी मन मोठं करून त्यांना दहा-वीस फोटो नावासकट टाकायची मुभा आधीच लिहून द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

वर्तमानपत्रातल्या पगारी फोटोग्राफरसाठी वेगळा नियम आहे. नियतकालिकांत छापण्यापुरता हक्क वर्तमानपत्राच्या मालकाचा. पुस्तक, प्रदर्शन अशा इतर वापरांचा हक्क फोटोग्राफरचा, अर्थात नेमणुकीच्या पत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तालुक्याचा वार्ताहर आपणहून टिपलेला तापीच्या पुराचा फोटो पाठवतो, तेव्हा तो मालक राहूनच पाठवतो.

कॉपीराइट तुमचा, चेहरा त्याचा

आता उलट बाजू, आणि माझ्या दृष्टीने ही अधिक गंभीर. कॉपीराइट मिळाला म्हणजे फोटोतल्या माणसाशी काहीही करायचा परवाना मिळाला असं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात एकमताने सांगितलं. व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचं छायाचित्र जाहिरातीत वापरणं हे तिच्या खासगीपणावरचं अतिक्रमण ठरू शकतं, हे त्याच न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटलं होतं. म्हणून फ्लेक्सवरच्या नवरीच्या बाबतीत, करार नसताना, वडिलांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी वजनदार ठरतं. आणि करार असला तरी त्या मुलीला स्वतःला विचारायला हवं. सही वडिलांची असते, पण बसस्टँडवर झळकतो तो तिचा चेहरा.

सातपुड्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर नाच चालतो, आणि मोरपिसांचे टोप घातलेल्या, कमरेला भोपळे बांधलेल्या तरुणांभोवती कॅमेऱ्यांचं कडं पडतं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःसाठी काढलेले हे फोटो कायद्याने फोटोग्राफरचे. ते स्पर्धांत जातात, कॅलेंडरवर येतात, हॉटेलांच्या भिंतींवर लागतात. बक्षीस घेणाऱ्याचं नाव असतं, पण फोटोतल्या माणसाला स्वतःचा फोटो बघायलाही मिळत नाही. हा उत्सव त्यांचा आहे आणि कित्येकांनी त्यासाठी व्रत पाळलेलं असतं. आधी बोला, नाव विचारा, गावाचं नाव लिहा, फोटो पाठवायचा शब्द दिलात तर पाठवा. धंद्यासाठी वापरायचा असेल तर संमती घ्या आणि मोबदला द्या. कोणी मान वळवली तर कॅमेरा खाली घ्या. यासाठी कायद्याचं कलम वाचावं लागत नाही.

‘नेटवर आहे म्हणजे फुकट’

नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकवर फोटो टाकल्याने तुमची मालकी जात नाही. तुम्ही त्या कंपनीला तो वापरायची विस्तृत परवानगी मात्र देता. तिसऱ्या माणसाला तिथून उचलण्याचा हक्क मिळत नाही. खाली ‘सौजन्य : गूगल’ लिहिलं तरीही नाही, कारण गूगल फक्त शोधून दाखवतं. कायद्याने टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन आणि खासगी वापर यांसाठी रास्त सवलत ठेवली आहे. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराच्या बॅनरवर तुमचा पाटणादेवीचा धबधबा छापणं त्या सवलतीत बसत नाही.

फोटोवर नाव टाकल्याने मालकी सिद्ध होत नाही, पण ते वाया जात नाही. कर्त्याचं वा मालकाचं नाव सांगणारी, फोटोसोबत जोडलेली माहिती जाणूनबुजून पुसणं हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन स्वतःचं नाव भरून ठेवा, म्हणजे ते प्रत्येक फाइलमध्ये आपोआप बसेल.

एआयला शिकवण्यासाठी कंपन्यांनी न विचारता दुसऱ्यांचं साहित्य वापरावं का, हा प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला. तो खटला मजकुराबद्दलचा असला तरी फोटोग्राफरांनी त्याच्याकडे लक्ष ठेवावं.

चोरी झालीच तर

पहिल्या दिवशी फोनवर शिव्या देऊ नका. फोटो कुठे वापरला आहे त्याचा पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्या, फ्लेक्स असेल तर तारखेसह फोटो काढा. मूळ फाइल आणि तिच्या आगेमागे टिपलेल्या फ्रेम जपून ठेवा. एका क्षणाच्या सलग पाच-सहा फ्रेम ज्याच्याकडे आहेत तो खरा, हे कुणालाही पटतं. मग साध्या भाषेत लेखी कळवा : फोटो माझा, इतक्या दिवसांत काढा किंवा इतकी रक्कम द्या. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं.

नाही मिटलं तर नोंदणी नसतानाही दावा करता येतो. मात्र मोजके मोलाचे फोटो नोंदवून ठेवले तर न्यायालयात तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दिवाणी दाव्यासाठी तर मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. फोटो उचलणारी कंपनी कुठलीही असो, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सोय कॉपीराइट कायद्यातच आहे. शहाद्याचा फोटोग्राफर नंदुरबारला दाद मागू शकतो आणि चोपड्याचा जळगावला.